भायखळ्याच्या तुरुंगातली लस

मागच्या व्याख्यानात आपण मुंबईतल्या १८९६ च्या प्लेगविषयी बोललो. मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी रोग ओळखला, तिथपर्यंत आलो होतो. आज त्याच प्लेगातला एक अवघड प्रश्न घेऊ. ज्या औषधाची अजून खात्री पटलेली नाही, ते डॉक्टरनं माणसाला द्यावं का?

हा प्रश्न वाल्देमार हाफकिन यांच्यापुढे उभा राहिला. ऑक्टोबर १८९६ मध्ये ते मुंबईत आले. ग्रँट मेडिकल कॉलेजात मिळालेल्या तुटपुंज्या जागेत काम करून तीनेक महिन्यांत त्यांनी मारलेल्या जंतूंची लस तयार केली. १० जानेवारी १८९७ ला ती आधी स्वतःला टोचून घेतली. ताप आला, अंग दुखलं, पण ते बरे झाले.

ही गोष्ट आपण धाडस म्हणून सांगतो, आणि ते धाडस होतंच. पण त्यातून सिद्ध काय झालं? लस टोचून एक माणूस जगला, एवढंच. प्लेग टळतो की नाही, हे त्यातून कळणार नव्हतं. त्यासाठी काहींना टोचून, काहींना न टोचता, एकाच ठिकाणी पाहायला हवं होतं. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. जवळजवळ निम्मे कैदी टोचून घ्यायला पुढे आले, बाकीचे आले नाहीत. कोठड्या त्याच, अन्न तेच. टोचलेल्यांत प्लेगचे रुग्ण बरेच कमी निघाले.

इथे जरा थांबू या. कैदी राजीखुशीनं पुढे आले, असं सांगितलं जातं. पण तुरुंगातली राजीखुशी कितपत खरी? साहेबासमोर कैदी 'नको' म्हणू शकतो का? तरीही, जे पुढे आले नाहीत त्यांना टोचलं गेलं नाही, हेही आपण नोंदवलं पाहिजे.

आता या कथेची दुसरी बाजू. ३० ऑक्टोबर १९०२, पंजाबातलं मलकोवाल गाव. त्या दिवशी १०७ जणांना लस टोचली. त्यातले एकाच बाटलीतून टोचलेले १९ जण धनुर्वातानं दगावले. चौकशीत प्रयोगशाळेच्या बदललेल्या पद्धतीवर बोट ठेवलं गेलं आणि हाफकिन यांचं पद गेलं. पुढे पुरावा तपासला, तेव्हा बाटली गावातच उघडताना दूषित झाली असावी असं दिसलं. उघडणाऱ्याचा चिमटा जमिनीवर पडला होता. रोनाल्ड रॉस यांच्यासारखे शास्त्रज्ञ बाजूनं उभे राहिले, आणि १९०७ मध्ये हाफकिन दोषमुक्त झाले. १९२५ मध्ये परळच्या संस्थेला त्यांचं नाव मिळालं. मलकोवालच्या त्या १९ जणांपैकी एकाचं तरी नाव आपल्याला ठाऊक आहे का?

मग डॉक्टरनं खात्री होईपर्यंत थांबायचं का? प्लेगात थांबण्यानंही माणसं मरतात. म्हणून खात्री नसलेलं औषध देणं हाच मुळी गुन्हा, असं आम्ही म्हणणार नाही. खात्री नाही हे लपवणं, तुलना न करताच गुण आला म्हणणं आणि इजा झाली की हात झटकणं, गुन्हा तिथे होतो.

कोरोनात प्लाझ्मासाठी नातेवाईक रात्री-बेरात्री धावत होते, ते आठवा. २०२० मध्ये आयसीएमआरनं ३९ रुग्णालयांतल्या ४६४ रुग्णांवर तुलना केली, तेव्हा मृत्यू टाळण्यात त्याचा उपयोग दिसला नाही. धावणाऱ्यांची चूक नव्हती. 'याची अजून खात्री नाही' हे वाक्य त्यांना कुणीतरी सांगायला हवं होतं.