गिरणीचा भोंगा आणि संगणकाचे घड्याळ



वेळ ही निसर्गाने दिलेली वस्तू आहे, असे आपण धरून चालतो. सूर्य उगवतो, मावळतो, एवढे खरे. पण आता सात वाजले हे सूर्य सांगत नाही. ते कोणीतरी ठरवावे लागते. आणि ठरविणे आले की ठरविणारा कोण व पाळणारा कोण, हा प्रश्न आलाच. कामगार चळवळीत तीस वर्षे घालविलेल्या माणसास हा प्रश्न शिकविण्यास पुस्तक लागत नाही. हजेरीच्या खिडकीशी पंधरा मिनिटे उभे राहिले की पुरते. त्याचा इतिहास मात्र मला युनियनची कचेरी बंद झाल्यावर, रात्री, मिळेल ते वाचून काढावा लागला. कॉलेज मी बाहेरूनच पाहिलेले. तेव्हा विद्वानांनी सांभाळून घ्यावे.

आपल्या वाडवडिलांचा दिवस सूर्योदयाला सुरू होई. अहोरात्राच्या साठ घटका, एका घटकेची २४ मिनिटे. मध्यरात्रीनंतर दोन वाजता जन्मलेले मूल पंचांगाच्या हिशेबी आदल्या वारीच जन्मलेले असते. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, पुढे तिचे काम पडणार आहे. पृथ्वीला एक अंश फिरावयास चार मिनिटे लागतात, म्हणून नगरचे मध्यान्ह मुंबईच्या आधी सात-आठ मिनिटे होते. प्रत्येक गावाची वेळ निराळी होती आणि त्याने कोणाचे काही अडत नव्हते.

अडू लागले ते रेल्वेमुळे. १८७० पासून हिंदुस्थानातील रेल्वे मद्रासच्या वेळेवर चालू लागल्या. मद्रासला वेधशाळा होती आणि ते शहर मुंबई व कलकत्ता यांच्या वेळांच्या मध्ये पडे. १८७८ साली दौंड–मनमाड लोहमार्ग झाला आणि नगरकरांना घरबसल्या दोन वेळा मिळाल्या: गावातल्या सूर्याची एक, आणि त्याच्यापुढे सुमारे २२ मिनिटे धावणारी रेल्वेची दुसरी. १८८१ साली गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनी (पुण्याच्या कॉलेजास ज्यांचे नाव आहे तेच हे) मुंबईच्या सरकारी कचेऱ्यांना मद्रास वेळ लावून पाहिली. शहराने ती मानली नाही. १८८३ साली हुकूम मागे घ्यावा लागला.

पण कचेरीतल्या बाबूचे घड्याळ आणि गिरणी कामगाराचे घड्याळ यांत अंतर आहे. कामगाराजवळ घड्याळ नव्हतेच. भोंगा होता, आणि भोंगा मालकाच्या हातात होता. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी कामगारांच्या सभा घेऊन जे मागणे सरकारपुढे ठेवले, त्यात रविवारची सुट्टी होती, दुपारी अर्धा तास विश्रांती होती, आणि काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे असेही होते. सूर्यास्त का मागितला? कारण सूर्य मालकाला पुढेमागे करता येत नाही. रविवारची सुट्टी १० जून १८९० रोजी मिळाली. सूर्याचे कुंपण मात्र पुढे गिरण्यांत विजेचे दिवे आले तसे मोडले, आणि दिवस बारा तासांच्याही पलीकडे लांबला.

अशा वेळी १ जानेवारी १९०६ पासून सरकारने ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे अशी 'स्टँडर्ड' वेळ लागू केली. मुंबईची स्वतःची वेळ तिच्या ३९ मिनिटे मागे होती. त्याच महिन्यात गिरण्यांतील हजारो कामगारांनी माग सोडले आणि गिरण्यांवर दगड फेकले. पुढारलेल्या लोकांनी याला अडाणीपणा म्हटले असेल. मला तो मुळीच अडाणीपणा वाटत नाही. घड्याळ ३९ मिनिटे पुढे ढकलून भोंगा तोच आकडा पाहून वाजविला, की माणसाला अंधारात ३९ मिनिटे आधी उठावे लागते. संध्याकाळी ती मिनिटे परत मिळतीलच याची हमी कोण देणार? विजेच्या दिव्यांचा अनुभव ताजा होता. पंधरा हजारांहून अधिक नागरिकांनीही सह्या करून विरोध नोंदविला. मुंबईच्या नगरपालिकेने आपल्या ताब्यातील घड्याळे जुन्याच वेळेवर ठेवली, आणि हा हट्ट तिने स्वातंत्र्यानंतर, पन्नाशीच्या दशकात सोडला. परक्या सरकारचा राग त्यात होता हे खरे. पण पहिला दगड उठला तो मजुरीच्या हिशेबातून.

युद्धकाळात आणखी एक गंमत झाली. १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ देशाचे घड्याळ एक तास पुढे होते. त्या काळात जन्मलेल्यांची पत्रिका मांडताना जाणते ज्योतिषी एक तास वजा करतात, ते यामुळेच. ऑगस्ट १९४२ पासून आपल्या भुईकोट किल्ल्यात काँग्रेसचे नेते स्थानबद्ध होते आणि १९४४ साली पंडित नेहरू तेथे 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहीत होते, तेव्हा नगरचे घड्याळ ग्रीनिचच्या साडेसहा तास पुढे होते.

हे मला एका संगणकवाल्या मुलाने दाखविले. संगणकाला कामे नेमून देण्यासाठी काही सुटसुटीत भाषा असतात, त्यांना स्क्रिप्टिंग भाषा म्हणतात. पायथॉन ही त्यांतली फार वापरातली. तिला १९४४ ची तारीख आणि 'एशिया/कोलकाता' हे नाव दिले, की ती मुकाट्याने साडेसहा तास सांगते. जगातील घड्याळे केव्हा, किती पुढेमागे झाली याची एक सामाईक वही आहे. आर्थर डेव्हिड ओल्सन नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी ती १९८० च्या दशकात सुरू केली आणि जगभरचे संगणक तीवर चालतात. भारताला त्या वहीत एकच खाते, कलकत्त्याच्या नावाचे. म्हणून मुंबईची १९०० सालची वेळ विचारली, तर ती मद्रासची ५ तास २१ मिनिटे सांगते. मुंबईकर जी ४ तास ५१ मिनिटांची वेळ पाळत होते, तिला खातेच नाही. मात्र १९०६ च्या गिरणी कामगारांच्या दंग्याचा उल्लेख त्या वहीत आहे! तो टिपेत आहे. ज्या ओळीच्या आरंभी विशिष्ट खूण असते ती माणसाने वाचावयाची, यंत्राने सोडून द्यावयाची.

आता आपल्या जिल्ह्यातील एका कारखान्याची हकीकत सांगतो. नाव घेत नाही. तेथे पाळ्या पहाटे ४, दुपारी १२ आणि रात्री ८ अशा. टाईमकीपर गेला, यंत्र आले, आणि पहिल्याच पगारपत्रकात पहाटेच्या पाळीचे लोक गैरहजर दिसू लागले. रात्रपाळीवाले मात्र हजर. सर्वांना उलटे आश्चर्य वाटले; घोटाळा व्हावयाचा तर मध्यरात्र ओलांडणाऱ्यांचा व्हावा. कारण शोधता सापडले ते असे. यंत्र नोंदी ग्रीनिचच्या वेळेने ठेवीत होते, आणि ग्रीनिचची मध्यरात्र म्हणजे आपली पहाटेची साडेपाच. आपला पहाटे चारचा माणूस तिकडे आदल्या तारखेच्या साडेदहाला आत शिरतो आणि दुसऱ्या तारखेच्या सकाळी साडेसहाला बाहेर पडतो. प्रोग्राम लिहिणाऱ्याने तारीख बाजूला ठेवून नुसती वेळ वजा केली होती: साडेसहातून साडेबावीस गेले, उरले उणे सोळा. उणे तास म्हणजे हजेरी नाही, असा नियम. माणूस आठ तास राबला आणि कागदावर उणे सोळा!

मग दुरुस्ती झाली. सर्व वेळा भारतीय करून घेतल्या. पहाटेची पाळी सुधारली आणि रात्रपाळी गैरहजर झाली, कारण चारातून वीस गेले तरी उणे सोळाच. त्या मुलाशेजारी बसून आम्ही दोन गोष्टी मांडल्या. एक, वेळ तारखेपासून तोडू नये. दोन्ही मिळून वजाबाकी करावी, म्हणजे आठ तास सरळ येतात. दुसरी कायद्याची. ही पाळी दोन तारखांत पडते. मग जादा कामासाठी ती कोणत्या दिवशी धरावयाची? १९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम ५७ ने ठरविले होते की, मध्यरात्र ओलांडणाऱ्या पाळीत मध्यरात्रीनंतरचे तास आदल्या दिवसात मोजावेत. आपल्या पंचांगाचेही तेच म्हणणे, हे ऐकून तो मुलगा हसला. पण लिहिले त्याने तसेच: हजेरीची तारीख पाळी सुरू झाल्याची, तीही भारतीय वेळेत आणल्यानंतर काढलेली.

दोन महिन्यांचा फरक पुढच्या पगारात मिळाला. यंत्राच्या नोंदींचा कागद दर आठवड्याला फलकावर लावावा, ही मागणी मात्र अजून बोलणीतच आहे.