आधी आग, मग ऊस

दसऱ्याच्या आगेमागे साखरपट्ट्यातल्या वर्तमानपत्रांत एक ठरलेली बातमी येते: अमुक कारखान्याचे बॉयलर अग्निप्रदीपन उत्साहात. संचालकांच्या हस्ते सपत्नीक सत्यनारायण, नारळ, हार आणि मग भट्टीत पहिला विस्तव. गव्हाणीत उसाची मोळी पडायला अजून अवकाश असतो.

विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने 1950 मध्ये प्रवरेकाठी सहकारी साखर कारखाना उभा राहिला. पुढे असे कारखाने वाढले आणि हा सोहळा त्यांच्या पंचांगातच बसला. पण त्यात नुसता भाविकपणा नाही. ऑफ सीझनला बॉयलर उघडतात, नळ्या खरवडतात, भट्टीच्या विटा बदलतात. त्या ओल्या बांधकामाला एकदम जाळ लावला तर ते तडकते. थंड लोखंडही सगळीकडे सारखे फुगत नाही. म्हणून आधी लाकडांचा मंद विस्तव, आणि भट्टी नीट सुकल्यावरच बगॅसचा, म्हणजे उसाच्या चोथ्याचा, पूर्ण जाळ.

ही सबुरी माणसे मेल्यावर आली आहे.

एक लिटर पाण्याची साध्या दाबाला सुमारे सोळाशे लिटर वाफ होते. ती पोलादात कोंडून ठेवायची, हे बॉयलरचे काम. 1856 पासून मुंबईच्या गिरण्या याच वाफेवर फिरू लागल्या. 1863 मध्ये कलकत्त्यात एका बॉयलरचा स्फोट होऊन अनेकांचे प्राण गेले, तेव्हा बंगालने 1864 मध्ये तपासणीचा कायदा केला. इतर प्रांतांनीही आपापले नियम केले, पण ते एकमेकांशी जुळेनात. शेवटी 1923 मध्ये साऱ्या देशासाठी एक कायदा झाला: नोंदणीशिवाय बॉयलर चालवायचा नाही, अपघात झाला तर 24 तासांत कळवायचे, आणि बॉयलरपाशी प्रमाणपत्रधारक माणूस, म्हणजे बॉयलर अटेंडंट, हवाच. 2025 मध्ये त्याची जागा नव्या कायद्याने घेतली.

त्या प्रमाणपत्रासाठी उमेदवार शिकतो काय? सगळ्यांत आधी एका काचेकडे बघायला. वॉटर गेजच्या नळीत पाण्याची रेघ दिसते. पण दिसते म्हणून ती खरी, असे धरून चालत नाही. वाटेत गाळ अडकला तर रेघ खोटी बोलते. म्हणून पाळीवर येताच कॉक उघडून नळी फुंकायची. पाणी खाली जाऊन झपकन परत चढले तर ठीक, रेंगाळत चढले तर वाट तुंबली आहे.

आणि पाणी काचेतून पार दिसेनासे झाले तर? घाबरलेला हात आधी पंपाकडे जातो. तीच घातक चूक! उघड्या पडून लाल झालेल्या नळ्यांवर पाणी पडले की क्षणात वाफ उसळते आणि पत्रा फाटतो. आधी जाळ तोडायचा, पाण्याला हात लावायचा नाही. हा धडा पुस्तकात दोन ओळींचा आहे. अंगवळणी पडायला मात्र कितीतरी पाळ्या जुन्या फायरमनच्या शेजारी उभे राहावे लागते.

हंगामभर, रात्री तीन वाजताही, कोणीतरी त्या काचेकडे डोळे लावून उभा असतो. अग्निप्रदीपनाच्या बातमीत अध्यक्ष येतात, संचालक येतात, पूजेला बसलेले दांपत्यही येते. यंदा त्या यादीत बॉयलर अटेंडंटचे नावही छापावे.