लाल तारे आणि अँटोनिया मॉरी

उन्हाळ्यात रात्री अंगणात बसलं की ज्येष्ठा नक्षत्रातला लाल तारा दिसतो. तो राक्षसी तारा, सूर्याच्या शेकडो पट मोठा. पण आभाळात सगळ्यात जास्त आहेत ते लाल खुजे तारे, सूर्याहून लहान आणि इतके मंद की साध्या डोळ्यांना दिसतच नाहीत.

लाल म्हणजे जास्त तापलेलं, असं आपल्याला वाटतं. लोहाराकडे बघा: लोखंड आधी लाल होतं, मग पिवळं, मग पांढरं. ताऱ्यांचंही तसंच. लाल तारा थंड! थंड म्हणजे सूर्य साडेपाच हजार अंश, तर हे तीन हजारांच्या आसपास.

मग रंग एकच असताना राक्षसी कोण आणि खुजा कोण, हे कसं ओळखायचं? या प्रश्नाची वाट एका बाईने दाखवली.

अमेरिकेत हार्वर्ड वेधशाळेत ताऱ्यांचा प्रकाश लोलकातून फाकवून काचेच्या पट्ट्यांवर त्याचे फोटो घेत. त्यात काळ्या रेघा दिसतात. त्या रेघा तपासायला संचालक पिकरिंग यांनी बाया नेमल्या, ताशी 25 सेंटवर. बाया स्वस्तात मिळत, हे सरळच सांगितलेलं बरं. अँटोनिया मॉरी 1888 मध्ये तिथे लागली, कॉलेज शिकलेली. तिला दिसलं की एकाच रंगाच्या काही ताऱ्यांच्या रेघा इतरांपेक्षा बारीक आणि ठसठशीत आहेत. तिने त्यांना 'सी' अशी वेगळी खूण दिली.

पिकरिंग यांना काम भरभर हवं होतं, ही बारकाई त्यांना नको होती. मॉरी काम सोडून गेली. माझं काम माझ्या नावावर लागेपर्यंत दुसऱ्याच्या हाती देणार नाही, असं तिने 1892 मध्ये कळवलं. (हिशेब लिहिणारी एक आणि नाव दुसऱ्याचं, हे आम्ही गटांमध्येही पाहतो.) अखेर 1897 मध्ये 681 ताऱ्यांची यादी तिच्या नावासह छापली गेली.

1905 मध्ये डेन्मार्कच्या हर्ट्झस्प्रुंग यांना कळलं की 'सी' खुणेचे तारे फार दूरचे, फार तेजस्वी आहेत. लाल ताऱ्यांतही राक्षसी आणि खुजे असे दोन गट निघाले. देवमासा आणि मासा यांतला फरक सापडूनही दोघांना एकाच वर्गात ठेवण्यासारखं हे आहे, असं त्यांनी 1908 मध्ये पिकरिंग यांना लिहिलं. पिकरिंग यांना तरीही पटलं नाही.

मॉरीला पारितोषिक मिळालं ते 1943 मध्ये, वयाच्या 77 व्या वर्षी.