गल्ल्यातला पैसा म्हणजे कमाई का?

आजची गोष्ट सुरू होते १८६० साली. १८५७ च्या उठावानंतर सरकारी तिजोरी रिकामी झाली होती. ती भरायला इंग्लंडहून जेम्स विल्सन आले आणि भारतात पहिला इन्कम टॅक्स लागला. वर्षाला २०० रुपयांच्या आत कमावणारे त्यातून सुटले.

पण दुकानदाराची कमाई मोजायची कशी? गल्ल्यात आलेले सगळे पैसे धरायचे, की खर्च जाऊन उरलेला नफा?

पुढे १९६१ च्या कायद्यात भाडं, दुरुस्ती, घसारा यांना वेगवेगळी कलमं मिळाली. उरलेल्या खर्चांसाठी कलम ३७ ने एक मुख्य कसोटी लावली: हा खर्च पूर्णपणे आणि फक्त धंद्यासाठी झालाय का? म्हणजे दुकानाची जाहिरात चालेल, घरचा किराणा नाही.

आणखी एक मेख आहे. एकाच माणसाला एका दिवसात १०,००० रुपयांच्या वर रोख दिले, तर खर्च खरा असला तरी तो सहसा वजा होत नाही.

जुने व्यापारी रोज रात्री कीर्द लिहायचे, त्यावरून खतावणी करायचे. आज ते काम मोबाईलवर होतं. पण बिलच नसेल, तर खिशातून गेलेला पैसाही नफा म्हणून मोजला जाऊ शकतो. म्हणून धंद्याचं खातं वेगळं ठेवा आणि बिलाचा फोटो त्याच दिवशी काढा.