पंच : एक प्रतिष्ठित इसम

सन 1954. दिवाळी तोंडावर आली आहे. अंबडला पोहोचायचं तर कारखान्यांच्या शेड, सिडकोची घरं आणि महामार्गावरचा कलकलाट आधी डोळ्यांसमोरून काढून टाका. औद्योगिक वसाहत यायला अजून पुष्कळ अवकाश आहे आणि नाशिक शहर खूप अलीकडेच संपतं. ओळखीची एकच खूण सापडेल, पांडवलेण्यांचा डोंगर. बाकी बाजरी काढून मोकळी झालेली रानं, विहिरींवरच्या मोटा आणि ओढ्याकाठच्या बाभळी.

तुम्ही इथले गुरुजी आहात. स्कूल बोर्डाच्या शाळेत शिकवता. गावात कुणाचं पत्र आलं की ते वाचायला तुमच्याकडे येतं, भांडण झालं की शब्द तुमचा मागतात. दारूबंदीची प्रभातफेरीही तुम्हीच काढता, आणि ती मनापासून काढता. तुमचे वडील दारूनं गेले. आईच्या अंगावरचं सगळं त्यापायी गुत्त्यात गेलं, ते तुम्ही पाहिलंय.

त्याच गुत्त्यावर तुमचा थोरला भाऊ कामाला होता. 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा झाला आणि 6 एप्रिल 1950 पासून सबंध मुंबई राज्यात पूर्ण बंदी आली. मुख्यमंत्री बाळासाहेब खेर, गृहमंत्री मोरारजी देसाई. दिवस मुद्दाम निवडलेला, राष्ट्रीय सप्ताहाचा पहिला. अमेरिकेनं 13 वर्षं करून पाहिलेली बंदी 1933 मध्ये उठवली होती, पण आपल्याकडे या मागणीमागे गांधीजींच्या काळात दारूच्या दुकानांपुढे झालेली निरोधनं होती आणि मार खाल्लेल्या हजारो बायका होत्या. त्या बायकांचं चुकलं असं मी कधीही म्हणणार नाही. मात्र गुत्त्याला कुलूप लागलं त्या दिवशी दादाच्या हाताला काम उरलं नाही, आणि त्याला येत होता तो एकच धंदा.

त्याच्याबरोबर ओढ्यावर चला. पहाटेची वेळ आहे, उजाडल्यावर धूर दिसतो. मातीत गळ्यापर्यंत पुरलेले माठ आहेत. त्यांत काळा गूळ, नवसागर आणि पाणी आठ-दहा दिवस आंबत पडलेलं. वास असा की डोळ्यांना पाणी येतं. चुलीवर आंबलेल्या रसायनाचं भांडं, त्यावर थंड पाण्याचं पातेलं, सांधे ओल्या मातीनं लिंपलेले. वाफ वर चढते, गार तळाला लागते आणि थेंब थेंब होऊन मधल्या चाटूत पडते. तिथून नळीवाटे बाटलीत. वरचं पाणी सारखं बदलावं लागतं, म्हणून भट्टी ओढ्याकाठीच लावायची. दादा पहिल्या धारेचे चार थेंब दगडावर टाकून काडी लावतो. निळी ज्योत उठते. त्याच्या चेहऱ्यावर कारागिराचं समाधान दिसतं, आणि ते पाहून तुम्हाला राग येत नाही, याचंच तुम्हाला भय वाटतं.

माल सायकलच्या ट्यूबमध्ये भरून, सदऱ्याखाली पोटाला गुंडाळून नाशकात जातो. तुम्ही त्या ट्यूबला कधी हात लावलेला नाही. तुमच्याकडून घरानं वेगळंच मागितलं. आधी कोर्टाचं समन्स वाचून दाखव. मग दादा धरला गेला तेव्हा जामीन राहा. वहिनी दारात उभी राहून म्हणाली, "भाऊजी, तुमच्या सहीवर सुटू राहिले ते. पोरांकडं बघा." तुम्ही सही केली. नंतर उधारीची वही. दादाला अक्षर येत नाही आणि गिऱ्हाइकं बुडवतात. तुमच्या सुरेख वळणदार अक्षरात आता नावांपुढे बाटल्या मांडलेल्या आहेत. घरात दिवाळीला नवे कपडे येतात, ते तुम्हीही घालता.

इथून देवळाली कितीशी लांब? तिथल्या लष्करी मेसमध्ये दारू चालते, आणि 1951 मध्ये बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ती सवलत वैध ठरवली. मुंबईत पैसेवाल्याला डॉक्टरच्या दाखल्यावर परमिट मिळतं. भट्टीवर धाड पडते ती अंबडसारख्या गावात. दादा हेच बोलून दाखवतो आणि तुमच्याकडे उत्तर नसतं.

आता त्या सकाळकडे या. हवालदार शाळेच्या पायरीवर उभा आहे. "गुरुजी, पंच म्हणून या." झडती घ्यायची तर त्या वस्तीतले दोन प्रतिष्ठित रहिवासी समोर हवेत, असं 1898 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं 103 वं कलम सांगतं. गावात तुमच्याहून प्रतिष्ठित कोण? क्षणभर पाय लटपटतात. पण हवालदार तुमच्या घराकडे वळत नाही. तो गावकुसाजवळच्या एका विधवेच्या झोपडीत शिरतो. ती आधी मजुरी करायची. दोन माठ, एक भांडं, तीन बाटल्या. ती रडत नाही की हात जोडत नाही. तिला दादाची भट्टी माहीत आहे, ओढ्यावर ती त्याच्याच वरच्या अंगाला पाणी भरते. ती एक शब्द बोलत नाही. पंचनामा लिहून होतो. बाटल्यांना लाख लागते, चिठ्ठ्यांवर सह्या होतात. पहिली सही तुमची.

रात्री दादा म्हणतो, "तिची गिऱ्हाइकं आता आपल्याकडंच येतील." थोड्या वेळानं हळूच, "कोर्टात फिरू नको. फिरलास तर फौजदार आपल्या दारात येईल."

त्याला कोर्ट ठाऊक आहे. दारूबंदीच्या खटल्यांत पंच फितूर झाले की आरोपी पुष्कळदा सुटतो. तुम्ही 'मी काही पाहिलं नाही' म्हणालात तर ती बाई सुटू शकते. या कायद्याबद्दल माझी तक्रार इथे आहे. त्यानं चारित्र्य असलेल्या माणसाच्या शब्दावर सगळा भार टाकला, आणि त्या माणसाच्या घरात काय शिजतंय याची खबर फक्त हप्ता घेणाऱ्याला राहिली. तुम्ही खरं बोललात तरी ते खरं भावाच्या धंद्याच्याच कामी येतं. खोटं बोललात तर आयुष्यात पहिल्यांदा शपथेवर खोटं बोलाल. तिसरी वाट एकच आहे, वही उचलून फौजदारासमोर ठेवायची. ती तुम्ही रात्री दोनदा हातात घेता. वहिनीची पोरं शेजारीच झोपलेली असतात.

नाशिकचं कोर्ट. आरोपीच्या पिंजऱ्यात ती उभी आहे, साडी धुतलेली. सरकारी वकील पंचनामा पुढे करतात.

"गुरुजी, ही सही तुमचीच?"

"हो."

"तुमच्यासमोर माल मिळाला?"

"हो."

मॅजिस्ट्रेट लिहून घेतात. आरोपीला काही विचारायचंय का, असं तिला विचारतात. ती तुमच्याकडे बघते आणि नाही म्हणते. पट्टेवाला पुढच्या प्रकरणाचा पुकारा करतो. तेही दारूबंदीचंच.