हाती आलेल्या खेळाडूंतून कॉलेजच्या कबड्डी संघाची बचावफळी कशी बांधतात?

प्रो कबड्डीच्या 10व्या हंगामासाठी पुणेरी पलटणने इराणच्या मोहम्मदरेझा शादलूवर 2 कोटी 35 लाख रुपये मोजले. डावा कोपरा हवा होता, तो विकत घेतला, आणि मार्च 2024मध्ये करंडकही जिंकला. हिंगोली, वसमत किंवा कळमनुरीच्या कॉलेजमधल्या क्रीडा शिक्षकाकडे असा पर्याय नसतो. यंदा ज्यांनी ॲडमिशन घेतलं, त्यांच्यातूनच सात जण उभे करायचे. त्यातले तिघे पुढच्या वर्षी पदवी घेऊन जाणार.

हिंगोली जिल्ह्यातली कॉलेजेस नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात येतात. नांदेड, परभणी, लातूर आणि हिंगोली या चार जिल्ह्यांच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतून विद्यापीठाचा संघ निवडला जातो. त्यामुळे आपल्या खेळाडूला चुकीच्या जागेवर उभं केलं, तर सामना जातोच, त्या मुलाची निवडही हुकू शकते.

जागा म्हणजे नेमकं काय?

पुरुषांचं मैदान 13 बाय 10 मीटरचं असतं. म्हणजे एका संघाच्या वाट्याला साडेसहा मीटर खोली येते. मध्यरेषेपासून 3.75 मीटरवर निदानरेषा, तिच्यापुढे एक मीटरवर बोनस रेषा. दोन्ही टोकांना कोपरारक्षक, त्यांच्या शेजारी 'इन', मग दोन मध्यरक्षक आणि मधोमध सेंटर. चढाईपटू समोरून येतो, म्हणून बचावाचा डावा कोपरा त्याच्या उजव्या हाताला पडतो. उजव्या हातापायाने खेळणारा चढाईपटू वारंवार त्याच बाजूला झुकत असेल, तर तिथे तुमचा सगळ्यात थंड डोक्याचा मुलगा हवा. सगळ्यात ताकदवान मुलगा तिथे हवाच असं नाही.

हा फरक अनेक संघांच्या लक्षात येत नाही. घोट्याची पकड ही वेळ साधण्याची कला आहे. चढाईपटूचा पाय बोनस रेषेकडे लांबतो, शरीराचा भार दुसऱ्या पायावर जातो, त्या क्षणी हात पडला पाहिजे. हे किरकोळ अंगाचा मुलगाही करू शकतो. पण त्याला एकट्याला चढाईपटू मध्यरेषेपर्यंत ओढत नेईल. म्हणून त्याच्या शेजारी 'इन'ला जडसा, कुस्तीची सवय असलेला मुलगा ठेवतात. त्याचे पाय संथ असले तरी चालतं, कारण त्याला धावायचं नाही, अडकलेल्या माणसावर जाऊन पडायचं आहे. तोच मुलगा मध्यरक्षक केला, तर प्रत्येक वेळी अर्धं पाऊल उशिरा पोहोचेल. मध्यरक्षकाला चढाईपटूची परतीची वाट कापायची असते. तिथे वजनापेक्षा पहिली दोन पावलं मोलाची.

आणि कोपऱ्याला कुणीच भरवशाचं नसेल तर? मग आक्रमक बचाव विसरायचा. साखळी धरून मागे राहायचं, एखादा बोनस जाऊ द्यायचा, दोन चढाया कोऱ्या घालवायच्या. तिसऱ्या चढाईत समोरच्याला गुण घ्यावाच लागतो, नाहीतर तो बाद. मग तो स्वतःहून आत येतो. प्रेक्षकांना हा खेळ कंटाळवाणा वाटतो, पण कच्च्या संघासाठी माझ्या मते हाच शहाणपणाचा.

उलट दोन्ही कोपरे पक्के असतील तर काय होतं, हे 2015च्या यू मुम्बाने दाखवलं. डावीकडे सुरेंदर नाडा, उजवीकडे मोहित छिल्लर, मध्ये विशाल माने आणि जीवा कुमार. कोपऱ्यांपासून दूर राहायला गेलेला चढाईपटू मध्यरक्षकांच्या तोंडी जायचा. त्या वर्षी विजेतेपद मुंबईला मिळालं.

अमेरिकेच्या कॉलेज फुटबॉलमध्येही पास अडवताना हाच प्रश्न येतो. वेगवान बचावपटू असेल तर त्याला एका प्रतिस्पर्ध्यामागे एकटं सोडतात, संथ असतील तर प्रत्येकाला मैदानाचा एक तुकडा राखायला देतात. फरक एवढाच, की तिथली मोठी कॉलेजेस देशभरातून खेळाडू हेरून शिष्यवृत्ती देऊन आणतात.

आता सगळ्यात दुर्लक्षित मुद्दा. बाद झालेले खेळाडू ज्या क्रमाने बाहेर गेले, त्याच क्रमाने परत येतात. तुमचा उत्तम कोपरारक्षक तिसरा बाद झाला, तर त्याला आत आणायला आधी दोघांना जिवंत करावं लागतं. शिवाय मैदानात तीन किंवा कमी बचावपटू उरले असताना पकड झाली, की एक जादा गुण मिळतो. तिला अव्वल पकड म्हणतात. म्हणजे तो मुलगा संघ संकटात असताना सर्वाधिक कामाचा. सात जण असताना त्याने उगाच झेप घेऊन बाद होणं सगळ्यात महाग पडतं. म्हणून सुरुवातीच्या धाडसी झेपा दुसऱ्या कोपऱ्याने घ्याव्यात, हे आधीच ठरवून ठेवलेलं बरं.

मुलींच्या संघाला ही मापं जशीच्या तशी लावू नयेत. त्यांचं मैदान 12 बाय 8 मीटर, निदानरेषा 3 मीटरवर. रुंदी दोन मीटरने कमी असल्याने दोन कोपऱ्यांमधलं अंतर घटतं आणि साखळी लवकर मिटते. त्यामुळे मध्यरक्षक मुली चपळ असतील, तर कोपऱ्याची उणीव बऱ्यापैकी झाकली जाते.

शेवटी पायाखालची जमीन. जत्रेतल्या सामन्यांत अनवाणी, मातीवर वाढलेला मुलगा मॅटवर बूट घालून उतरतो, तेव्हा त्याचं वळणं आणि थांबणं दोन्ही बदलतं. मातीत किंचित घसरणारा चढाईपटू इथे जागच्या जागी फिरतो. त्यामुळे मातीवर पक्का वाटलेला कोपरा मॅटवरच्या सरावात पुन्हा तपासून मगच सात जणांची यादी लिहावी.