हवेतील फवाऱ्याचे संगणकीय गणित

गॅस टर्बाइनमध्ये शिरणारी उष्ण हवा गार करण्यासाठी तिच्यात पाण्याचे अतिसूक्ष्म थेंब फवारतात. गार हवेची घनता अधिक असल्याने वीजनिर्मिती वाढते. परंतु न विरलेले मोठे थेंब कॉम्प्रेसरच्या पात्यांची झीज करतात. थेंबाचा व्यास दुप्पट झाल्यास तो विरण्यास सुमारे चौपट वेळ लागतो. म्हणूनच निरनिराळ्या आकारांच्या थेंबांचे भवितव्य संगणकावर आधी तपासले जाते.

यासाठी बहुधा ऑयलर-लाग्रांज पद्धत योग्य ठरते. तीत हवा अखंड प्रवाह मानून थेंबांच्या प्रातिनिधिक समूहांचे मार्ग स्वतंत्रपणे काढतात. पाण्याने व्यापलेली जागा सुमारे १० टक्क्यांहून कमी असावी, ही तिची अट. नोझलचे तोंड सोडल्यास ती सहज पाळली जाते. तेथे फुटणारी धार दाखविण्यास हवा व पाणी यांमधील सीमा टिपणारी ‘व्हॉल्यूम ऑफ फ्लुइड’ पद्धत लागते. ती फारच खर्चिक. त्यापेक्षा थेंबांचे आकार प्रयोगशाळेत मोजून गणिताला पुरविणे व्यवहार्य. दोन्ही घटक अखंड मानणारी ऑयलर-ऑयलर पद्धत दाट फवाऱ्यास सोयीची.

थेंब विरळ आहेत म्हणून त्यांचा हवेवरील परिणाम वगळणे मात्र घातक. बाष्पीभवनाने हवा थंड व दमट होत जाते. हे न धरल्यास थेंब प्रत्यक्षापेक्षा लवकर विरल्याचे दिसते आणि पात्यांचा धोका गणितात झाकला जातो.